सरांच्या पुसलेल्या चुका

अहिरेसरांशी माझी पहिली ओळख झाली ती तक्रारीतून, आणि तक्रार करणारा मीच होतो.

मखमलाबादच्या मळ्यातून मी अंबडच्या प्रशिक्षण केंद्रात सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम शिकायला आलो होतो. पहिल्याच तासाला सरांनी संगणकावर प्रोग्रॅम लिहून चालवला आणि पडद्यावरचे टूल सरळ फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या धातूच्या तुकड्यात, घुसले. पडदा लाल झाला. सर आमच्याकडे वळले, त्यांच्या सटाण्याकडच्या बोलीत म्हणाले, "काय व्हयनं?" म्हणजे काय झालं, आणि हाताची घडी घालून गप्प उभे राहिले. मधल्या सुट्टीत मी कार्यालयात जाऊन सांगितले, की या सरांना काही येत नाही, मला दुसरी बॅच द्या. तिथल्या कारकुनांनी हसत मला आठवडाभर थांबायला सांगितले. ते का हसत होते हे आठवड्याने कळले.

सरांनी प्रोग्रॅममध्ये पन्नासच्या पुढे दशांशाचे टिंब दिले नव्हते. टिंब नसले तर मशीन ते मिलिमीटर न समजता मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, समजते. अशी एक चूक सर दर तासाला मुद्दाम करीत आणि तिथून मागे कसे यायचे हे आम्हाला सापडेपर्यंत वाट पाहत. बरोबर काय ते पुस्तकात असतेच, असे त्यांचे म्हणणे होते.

नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी कारखान्यात टूल जॉब धरणाऱ्या चकवर आपटले. नोकरी जाणार हे ठरल्यासारखेच होते. कुणाकडून तरी कळले आणि सर स्कूटरवरून आले. सुपरवायझरना म्हणाले, "ही चूक मी वर्गात केली नव्हती, म्हणून त्याच्याकडून झाली. दोष माझा धरा." नोकरी टिकली. पुढच्या बॅचसमोर सरांनी माझी चूक जशीच्या तशी करून दाखवली. आपण जे त्यांच्याकडे शिकलो, त्यांतल्या अनेकांच्या चुका सरांनी अशाच जमवल्या होत्या. त्या कुठल्या वहीत नव्हत्या, त्यांच्या डोक्यात होत्या.

कोरोनात वर्ग बंद पडले. तोवर मीही केंद्रात शिकवू लागलो होतो. निवृत्त झालेल्या सरांच्या घरी जाऊन मी त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रीन रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बसवून दिले. ते पडद्यावरची प्रत्येक क्लिक आणि बोलणाऱ्याचा आवाज टिपते. मग त्यातून असा धडा तयार होतो, की विद्यार्थ्याने त्याच जागी स्वतः क्लिक केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. सत्तरीतल्या सरांनी न कंटाळता चाळीस धडे रेकॉर्ड केले. संपादन माझ्याकडे होते.

आणि मी सरांच्या सगळ्या चुका काढून टाकल्या. लाल पडदा काढला, "काय व्हयनं?" काढले, त्यानंतरची शांतताही काढली. वर्गात सर समोर असतात, तिथे ठीक. पण अनोळखी मुले पडद्यावर हे पाहून म्हणतील, की या सरांना येत नाही. जे मी स्वतः म्हणालो होतो, ते दुसऱ्या कुणी म्हणू नये, एवढेच माझ्या मनात होते. धडे छोटे आणि देखणे झाले. सगळ्यांनी कौतुक केले. लॅपटॉपमध्ये जागा उरेना, म्हणून मी मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकले.

पुढे देवळाली कॅम्पची एक मुलगी ते धडे शिकून नोकरीला लागली. एके दिवशी तिचा कारखान्यातून फोन आला. आवाज रडवेला होता. "सर, मशीन लाल दाखवतंय. तुमच्या धड्यात असं कुठंच होत नाही. इथून मागं कसं यायचं?" मी फोनवर तिला मार्ग सांगितला, पण त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

सरांकडे गेलो. डोळ्यांच्या आजाराने त्यांना आता समोरचे नीट दिसत नाही. त्यांनी सूनबाईंना एक धडा लावायला सांगितला, तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, "माझ्या चुका कुठं गेल्या रे?"

"मी काढल्या, सर."

 सरांनी सूनबाईंना माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितले. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

आता दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जातो. सर सांगतात आणि मी चूक करतो. पहिल्याच दिवशी सवयीने मी पन्नासपुढे टिंब दिले. कळांच्या आवाजावरून सरांनी ओळखले आणि पुसायला लावले. पण चाळीसपैकी सहा धड्यांतल्याच चुका त्यांना आठवल्या आहेत. बाकीच्या आठवताना ते कपाळाला हात लावून बसतात, आणि माझ्याने त्यांच्याकडे पाहवत नाही.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले, म्हणून त्यांचा सत्कार ठरला आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांची स्मृती शाबूत राहो, ही प्रार्थना. यात माझा स्वार्थ आहे, हे लपवत नाही. सरांच्या हाताखाली शिकलेल्या आपणा सर्वांना एक विनंती आहे. सत्काराला येताना हार-नारळ नको. सरांनी तुमची कोणती चूक पुढच्या मुलांसमोर करून दाखवली, तेवढे आठवून या आणि त्यांच्या शेजारी बसून सांगा. रेकॉर्डिंग सुरू असेल, आणि या वेळी मी त्यातले काहीही काढणार नाही.