पुस्तकातल्या मुलाची घागर

मागच्या आखाजीला आमच्या घरी अशा एका मुलाच्या नावाने घागर भरली गेली, जो कधी जन्मालाच आला नव्हता. तो कादंबरीतला होता. कादंबरी परदेशातली, मराठीत आणलेली, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या दप्तरातून मी जप्त केलेली. मुखपृष्ठावर एक मुलगी पाठमोरी बसलेली आणि मागे लिहिलेलं, 'वयात येणाऱ्या प्रत्येकासाठी'. म्हटलं, बघू तरी काय येतंय वयात! मी रागीट आहे आणि संशयी आहे. या एका मुद्द्यावर माझ्या सासरचं आणि माहेरचं एकमत आहे.

आधी घरची परिस्थिती सांगते. ब्राह्मणपुरीला माझं माहेर. दिवाळीच्या आधी माझा धाकटा भाऊ गेला. सव्वीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. तीन दिवसांचा ताप, बस. त्याच्याबद्दल फार लिहिणार नाही, लिहायला बसले की हात थांबतो आणि मग मला हाताचाच राग येतो. एकच सांगते. त्याला ताजी पुरणपोळी चालत नसे. सणाच्या दिवशी सगळे तूप ओतून गरम पोळ्या खातायत आणि हा गाढव वरणभात खाऊन उठणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आत, "शियी पोयी शे का माय?" म्हणजे शिळी पोळी. पोळीची आधी घडी करायची, मग ती चहात बुडवायची, आणि अशा चार खायच्या. तीन नाही, पाच नाही. माय दर सणाला त्याच्या चार पोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवायची, कारण आमची फुई घरात. फुई म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असते. तिच्यापासून काही लपत नाही, पण पिठाच्या डब्यामागे वाकायला तिचे गुडघे साथ देत नाहीत.

आता आखाजी. बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो, आम्ही पितरांना पाणी देतो. उन्हातून तहानलेले येतात बिचारे. सकाळी उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून एकेकाचं नाव घ्यायचं, नव्या मातीच्या घागरीत पाणी भरायचं, दुपारी विस्तवावर घास टाकायचा आणि कोणा एकाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. माय मला होळीपासून फोनवर एकच सांगत होती, भावाची घागर भरली पाहिजे. आणि आबा ऐकत नव्हते. पोराने बापाची घागर भरायची, बापाने पोराची नाही. "उलटी रीत मन्हा घरमा चालाव नही," एवढंच बोलायचे आणि गोठ्यात निघून जायचे.

मायचं म्हणणं, पोरगा उंबऱ्याबाहेर तहानलेला उभा आहे. पाणी प्यायची वेळ आली की ती भांडं हातात धरून दाराकडे बघायची. मग दोन घोट घ्यायची आणि बाकीचं अंगणात ओतायची. भर उन्हाळ्यात दिवसभर हेच. ओठ फुटले होते तिचे. मला ते बघवत नव्हतं.

आखाजीला लेकी माहेरी येतातच, मी पाच दिवस आधी गेले. आबांना समजावायला. माझं समजावणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीला माहीत आहे. पहिल्या दिवशी आबा गोठ्यात जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी कोणीच कोणाशी बोलेना. दुखवट्याचं वर्ष, टीव्हीवर चादर टाकलेली. बाहेर ऊन असं की कोंबड्यासुद्धा पलंगाखाली. मी पिशवीतून ते जप्त केलेलं पुस्तक काढलं आणि ओसरीवर आडवी झाले.

"काय वाची ऱ्हायनी?" आबांनी विचारलं.

"पुस्तक."

"ते दखाई ऱ्हायनं. जोरमा वाच."

गोष्ट अशी. बर्फाळ गाव. पंधरा वर्षांची मुलगी. तिचा मोठा भाऊ गोठलेल्या तळ्यावर गेला, बर्फ फुटला, बुडाला. आई दिवसभर झोपून असते. बाप गॅरेजमध्ये एक जुनी नाव दुरुस्त करत बसतो. मुलगी शाळेत मारामाऱ्या करते. आणि त्या भावाची राख एका डब्यात, डबा बैठकीतल्या फळीवर, तो वर्षभर तिथेच.

"थांब," फुई म्हणाली. "कोठे?"

"फळीवर."

"राख?"

"हो."

"अन् जेवतंस कोठे त्या?"

"त्याच खोलीत, फुई."

फुईने डोक्यावरून पदर घेतला. "अरे देवा! सुतकच फिटनं नही त्यास्नं!"

झालं. तिथून पुढे कादंबरीतल्या प्रत्येक घटनेचं कारण फुईला सापडलं. आई झोपून का? सुतक. मुलगी गणितात नापास का? सुतक. चौथ्या प्रकरणात कुत्रा पळून गेला, तेव्हा तर ती विजयाने बघायला लागली. मुक्या जनावराला कळतं आणि या लोकांना कळत नाही! मी एम. ए. झालेली बाई, मी समजावलं की फुई, तो डबा म्हणजे त्यांच्या दुःखाचं प्रतीक आहे.

"प्रतीक फळीवर ठेवतस का कोन्ही?" फुई म्हणाली. "नदीमा सोडतस."

आबा मात्र त्या बापाच्या बाजूने. नावेचं काम चाललं की ते पुढे सरकून बसायचे. लाकूड आधी वाळवायला पाहिजे होतं, याने घाईच केली, असं स्वतःशी बोलायचे. फुई म्हणाली की बाईल झोपून आहे, पोर वाया चालली आणि हा नाव काय ठोकत बसलाय. त्यावर आबा एकदम ओरडले, "ठोकू दे त्याले!" मी पुढे वाचत राहिले. एका ठिकाणी ती मुलगी आणि वर्गातला एक पोरगा जरा जवळ आले, तिथे मी सफाईने दोन पानं उलटली. बापासमोर काय वाचणार?

"दोन पानं उलटनी तू," आबा म्हणाले.

"चिकटली होती."

"मंग सोडव," फुई म्हणाली. ही आमची फुई!

माय दाराच्या आत गहू निवडत बसायची. ऐकत नाही असं दाखवायची, पण मी घोटभर पाणी प्यायला उठले की तिचं सूपही थांबायचं.

आखाजीच्या दोन दिवस आधी आबा शहाद्याच्या बाजारातून घागरी घेऊन आले. दरवर्षी तीन असतात, त्यांच्या बापाची, आईची आणि आज्याची. या वेळी चार होत्या. माय ओसरीवर आली. तिने त्या मोजल्या. तिचं तोंड असं उजळलं की मला ते आजही आठवलं तर आबांचा गळा धरावासा वाटतो.

"हाई कोन्ही?" तिने चौथीला हात लावून विचारलं.

"त्या पोऱ्यानी," आबा म्हणाले. "पुस्तकमधला. त्यास्नाकडे कोनी करनार नही त्यानं."

मायने हात काढून घेतला. "परका पोऱ्याले पानी," ती म्हणाली, "अन् मन्हा पोऱ्याले?"

"तो मन्हा नही शे, म्हनीसन भरता येस."

माय आत गेली आणि त्यानंतर आबांशी बोलली नाही. मी मात्र बोलले. जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी ओरडले, "आबा, डोकं ठिकाणावर आहे का? तो पोरगा मेलेला नाहीये! तो जन्मलाच नाहीये! कुणीतरी बसून लिहिलाय त्याला!"

आबांनी घागरी भिंतीशी लावल्या. शांतपणे म्हणाले, "जन्मनाच नही, तर काल वाचता वाचता तू काबरं रडनी?"

काल मी मिरचीचा ठसका लागला असं म्हटलं होतं. काल घरात दुधीची भाजी होती.

मग फुईने कारभार हातात घेतला. एकदा घागर भरायची ठरली तर रीतीने भरली पाहिजे, मग तो कादंबरीतला असो की मुंबईतला. परदेशातला पितर म्हणजे लांबून येणार, त्याची घागर पहाटेच भरून ठेवू. आणि ज्याची घागर, त्याच्या आवडीचं ताटात पाहिजे. काय आवडायचं त्याला?

मी पुस्तक पहिल्यापासून चाळलं. लेखिकेने त्याचे बूट सांगितले होते. त्याची शीळ, त्याची सायकल, त्याच्या खोलीचा वास, सगळं. खाण्याचं एक अक्षर नाही! एका जागी अर्धं सफरचंद खाऊन टाकून दिलं होतं, तेवढंच.

"अर्धा सफरचंदवर पितर कसा जेवाडाना?" फुई हताश झाली.

आबा त्या लेखिकेवर खरोखर चिडले. एवढं जाड पुस्तक लिहिलं आणि पोरगा काय खायचा ते नाही? त्याच्या आईला विचारलं असतं तर पहिल्या पानावर आलं असतं, म्हणाले. मग उठून बाहेर गेले. आखाजीच्या आदल्या दिवशी दिवसभर ते घरात आले नाहीत. शेतात बघितलं, गोठ्यात बघितलं. चार वाजता आले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आमच्या घरात पुरुष तिथे उभे राहत नाहीत.

"पुरन आजच शिजाड," ते मायला म्हणाले. "पोया आज करी ठेव."

मायने वर बघितलं नाही.

"भाऊ, सन सकाय शे," फुई म्हणाली. "आज करशात तर शिया व्हई जातीन."

"व्हऊ दे. शियाच जोयजेत."

फुई तोंड उघडून काहीतरी म्हणणार होती, पितराला शिळं वाढतात का वगैरे, आणि तिने ते मिटलं. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटताना बघितलं. मला हुंदका फुटला आणि या वेळी मी मिरचीचं नाव घेतलं नाही. माय उठली. तिने हरभऱ्याची डाळ काढली आणि धुवायला घेतली. दोन पाण्यांत धुतली जाते डाळ. ती धूतच राहिली.

"चहा?" तिने विचारलं. कालपासून आबांशी पहिला शब्द.

"तो सकाय. गरम लागस."

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी उंबऱ्यावर बोटं ओढली. आज्याचं नाव घेतलं, बापाचं, आईचं. चौथ्या बोटाला मी त्यांना कादंबरीतल्या मुलाचं नाव सांगितलं आणि त्यांनी ते नीट घेतलं, सोवळ्याने घ्यावं तसं. चौथी घागर भरताना मात्र नाव घेतलं नाही. "ये रे," म्हणाले. "पानी पी."

पितर म्हणून शेजारचे काका बसणार होते. काका तब्येतीने भरलेले, आमरसाच्या आशेने सकाळपासून उपाशी. बाकीच्या तीन पितरांची पानं आमरस-पोळीने भरलेली विस्तवापुढे होती, आणि काकांपुढे आलं काय, तर एक कप चहा आणि ताटात चार शिळ्या पोळ्या. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सणाच्या दिवशी अपमान करायला बोलावलं की काय, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं.

"जेवा," आबा म्हणाले आणि समोरच मांडी घालून बसले.

काकांनी पोळी तोडून चहात बुडवली.

"तशी नही," आबा म्हणाले. "पहिले घडी कर."

काकांनी घडी केली. आबा डोळ्याची पापणी न हलवता बघत होते. एक झाली, दोन झाल्या. तिसरी संपली तेव्हा काकांनी हात आवरता घेतला, म्हणाले बस, पोट भरलं.

"चार," आबा म्हणाले.

"नही जात भाऊ आते."

"चार खास तो." खातो म्हणाले, खायचा असं नाही.

काकांना काय समजलं कोण जाणे. पण त्यांनी आबांच्या तोंडाकडे बघितलं, चौथी उचलली, तिची घडी केली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. देव त्यांचं भलं करो. संध्याकाळी मी त्यांच्या घरी डबाभर आमरस नेऊन दिला.

दुपार कलल्यावर सगळे ओसरीवर आले आणि मी शेवटचं प्रकरण वाचलं. ती नाव दुरुस्त झालेली असते. बर्फ वितळलेला असतो. तिघंही नावेत बसून तळ्याच्या मध्यावर जातात आणि डब्यातली राख पाण्यात सोडतात.

"देखा!" फुईने मांडीवर थाप मारली. "घागर पोहचनी! आज सकाय भरी अन् आज सुटनात त्या!"

पुस्तक दोन वर्षांपूर्वी छापलेलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही. आबा नावेविषयी विचारत होते, पाणी आत आलं का. नाही आलं, मी म्हटलं.

माय इतके दिवस दाराच्या आत बसून ऐकायची, ती उंबऱ्यावर येऊन बसली. कुंकवाच्या बोटांपासून जरा बाजूला.

"आते ती माय पानी पिनी का?" तिने विचारलं.

मी शेवटचं पान बघितलं. त्या आईबद्दल एवढंच होतं की ती किनाऱ्याकडे बघत बसली. पाण्याचं काही नव्हतं.

"प्यायली," मी म्हटलं.

"लिखेल शे?"

"लिहिलंय माय. शेवटच्या ओळीत. तांब्याभर प्यायली."

मायने थोडा वेळ माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. तिला वाचता येतं, पण तिने ते मागितलं नाही. उठून माठाकडे गेली, तांब्या भरून घेतला, आणि दाराकडे न बघता सगळा प्यायली.