पिंपातली काकडी आणि आमच्या जिजी

माझ्या सासूबाई सुरतला आल्या, त्या मरायला आल्या होत्या.

हे मी नाही म्हणत. त्याच सांगायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणायचो. गाव शिंदखेड्याकडचं. सगळा जन्म शेतात गेला. आधी सासरे वारले, मग जिजींच्या गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसल्या की उठवायला माणूस लागायचं. म्हणून संजय, माझा नवरा, त्यांना सुरतेतल्या गोडादऱ्याला आमच्याकडे घेऊन आला.

आमचं छोटं रो-हाउस. मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. तिथे तुळस, कढीपत्ता आणि एक मोगरा. त्यालाच आम्ही गार्डन म्हणतो.

जिजी तिथे खुर्ची टाकून बसायच्या. शेजारी मी साड्यांना स्टोन चिकटवत असायचे. तासन्‌तास एक शब्द नाही.

मग एकदम, "माले आठे करमत नही."

"इथे काय कमी आहे, जिजी?"

"काम."

संजयने हे ऐकलं. तो डाईंग मिलमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून एक निळं पिंप घेऊन आला. म्हणाला, "जिजी, यात काकडी लाव."

जिजींनी पिंपात तोंड घालून वास घेतला.

"संजू, यात रंगाचं औषध होतं. यातली काकडी तुझ्या पोरांना खाऊ घालशील का?"

तो निमूट परत घेऊन गेला आणि ओळखीच्या फरसाणवाल्याकडचं तेलाचं प्लास्टिकचं पिंप आणलं. ते साबणाने घासून घासून माझे हात सोलले.

तळाला रसवाल्याकडची उसाची चिपाडं, वर माती आणि शेणखत. जिजींनी स्वतः बिया टोचल्या. वेल सुतळी धरून वर चढला, पिवळी फुलं आली. जिजी जेवताना बोलायला लागल्या.

आणि मग पानं पिवळी पडली. एका आठवड्यात वेल झोपला.

पिंप आडवं केलं तर तळाशी नुसता चिखल, घाण वास. पाणी जायला भोकच नव्हतं. आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"शेतात कोण भोकं पाडतं?" जिजी म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. "संजू, मला गावाला सोड. माझ्या हातून आता काही होत नाही."

संजय बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आला. बराच वेळ लागला त्याला.

रविवारी तो त्यांना गावी सोडून आला. तिथे धाकटे दीर शेती बघतात. मला वाटलं, चला, निदान त्यांच्या मनासारखं झालं. पण रिकामी खुर्ची बघवत नव्हती.

दोनेक महिन्यांनी भरदुपारी जिजींचा फोन आला.

"सुनीता, ते पिंप शे का फेकी दिनं?"

"आहे ना जिजी. मागेच आहे."

"मग माले लेवाले या."

"न्यायला?" मी दोनदा विचारलं.

परत आल्यावर रात्रीच्या भाकरीला त्यांनी सांगितलं. "तिथे मला अंगणात खाटेवर बसवायचे. समोर निंदणी, समोर मिरच्यांची तोडणी. सगळं जमिनीवर. मी नुसती बघायची. पिंपाचं काम उभ्याने होतं गं."

पिंप त्यांच्या कमरेएवढं होतं. एवढी साधी गोष्ट, आम्हाला कुणाला सुचली नव्हती.

संजयने सळई तापवून तळाला भोकं पाडली. जिजी बाजूला उभ्या राहून, "अजून एक पाड, अजून एक पाड." तळाची चाळण झाली.

या वेळी वेल धरला. खिडकीच्या ग्रिलवरून निघाला तो थेट शेजारच्या हंसाबेनच्या भिंतीवर. जिजी रोज सकाळी एका हाताने पिंपाची कड धरायच्या आणि दुसऱ्या हाताने पान न् पान उलटून बघायच्या. चहा गार व्हायचा.

पहिली काकडी आम्हाला नाही मिळाली. जिजींनी ती भिंतीवरून हंसाबेनला दिली.

हंसाबेनने तिथेच मोडून खाल्ली. "बा, आ तो बहु मीठी छे!"

"गोड शे ना?"

त्या दिवसापासून दुपारी दोघींच्या गप्पा. एक गुजराती बोलायची, एक अहिराणी. कुणाचं काही अडलं नाही.

पुढे गल्लीतल्या तीन-चार घरांत पिंपं आली. कुणीही विचारायला आलं की जिजींचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी भोकं पाडा."

आणि "मी मरायला आले" हे कधी बंद झालं, आमच्या लक्षातच आलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवलं. गावाहून दीर आले. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत.

दीर आत येऊन त्यांच्या उशाशी बसले. "जिजी, घरी जायचं ना?"

"हो. घरीच ने."

"गाडी सांगतो. सकाळी निघालो की दुपारपर्यंत गावात."

जिजींना बोलताना धाप लागत होती. तरी हात हलवून म्हणाल्या, "गावात नाही रे. गोडादऱ्याला."

दिरांनी आमच्याकडे बघितलं. संजयने खाली मान घातली. मला रडू आवरलं नाही.

आमच्या घराच्या पायऱ्या दिरांनीच त्यांना उचलून चढवल्या.

त्यानंतर त्या थोडेच दिवस होत्या. हंसाबेन रोज येऊन बसायच्या. एका सकाळी संजय जिजींना दोन घोट पाणी पाजून ग्लास ठेवायला वळला, तेवढ्यात गेल्या. त्रास झाला नाही.

जिजी, तुम्ही आमच्या घरात राहिलात. आम्हाला तेवढं पुष्कळ आहे.

तुमच्या सुनेचा, संजूचा आणि मुलांचा नमस्कार.