लिव्हरवरचं लाल कडं

नांदेड स्टेशनची जुनी सिग्नल केबिन पाडून वीस वर्षं झाली, तरी ज्ञानोबांना दाराची कडी धरायलासुद्धा हातात फडकं लागतं. केबिनमधली रीतच तशी होती. सिग्नल आणि रूळ बदलायचे लोखंडी लिव्हर घामानं गंजतात म्हणून फडक्याशिवाय हात लावायचा नाही. हातांना कोण रिटायर करणार!

मीटरगेजच्या, म्हणजे छोट्या लाईनच्या काळात त्यांचं क्वार्टर रुळांपलीकडं होतं. सरजाबाई दुपारी डबा घेऊन यायच्या, रुळाच्या कडेला थांबून केबिनच्या माडीवरच्या खिडकीकडं बघत हाक मारायच्या, "लाईन मोकळी हाय का वं?" ज्ञानोबा आधी त्या लाईनीच्या लिव्हरवर लाल कडं अडकवायचे. कडं असलं की लिव्हर ओढायचा नाही, हा नियम. नियम रुळावर उभ्या गाडीसाठी होता, पण बायको काय गाडीपेक्षा कमी? मग ते ओरडायचे, "मोकळी हाय, ये!" वर पोचल्यावर कडं काढायचा मान मात्र सरजाबाईंचा. पुढं मोठी लाईन आली, बटणांचं पॅनल आलं. साहेबांना विचारून ज्ञानोबांनी ते कडं तेवढं घरी आणलं.

आता सरजाबाई विसरायला लागल्या होत्या. गेल्या आठवड्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस चालूच राहिला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. लातूरहून लेक लुंबिनी धावत आली.

"बाबा, मायला मी घेऊन चालले. तुमच्या एकट्याच्यानं व्हत न्हाई."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ती मोरी हुडकत फिरंल, पोरी. हितं तिला सगळं ठाव हाय. दोन दिस दे."

त्यांनी कडं शेगडीच्या बटणाला अडकवलं. ते दिसलं की थांबायचं, मला हाक मारायची, असं शेजारी उभं राहून दोन दिवस समजावलं. दोन्ही दिवस सरजाबाईंनी ते शांतपणे काढून खुंटीला लावलं. लुंबिनी मायची लुगडी पिशवीत भरायला लागली.

खुंटीकडं बघता बघता म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कड्याचं सरजा काहीच विसरली नव्हती! आपण शेजारी दिसलो की तिच्या लेखी ती रूळ ओलांडून वर आलेली असते. मग कडं काढणारच. त्यांनी ते परत बटणाला अडकवलं आणि अंगणातल्या जिन्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असे जाऊन बसले.

सरजाबाई चहा टाकायला आल्या. हात कड्याला लागला आणि थबकला. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं.

"आवो, लाईन मोकळी हाय का वं?"

"मोकळी हाय," ज्ञानोबा जिन्यावरून उठत म्हणाले, "थांब, ह्या बारीला मीच येतो."

ते शेजारी येऊन उभे राहीपर्यंत सरजाबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी कडं काढून नवऱ्याच्या फडक्यात ठेवलं आणि गॅस पेटवला.

दारातून हे बघणाऱ्या लुंबिनीनं डोळे पुसले आणि पिशवीतली लुगडी एकेक करून परत दांडीवर टाकली.