रस्ता तिने विचारला

पालीजवळच्या वाडीतून मी रोज चालत शाळेत जायचो. अनोळखी माणसांशी बोलायला मला त्या वाटेनेच शिकवलं. माझी नऊ वर्षांची मुलगी मात्र रत्नागिरीत रिक्षानेच शाळेत जाते. एका शनिवारी आम्ही ठरवलं, घरी येताना ती पुढे चालेल आणि मी मागून, एक शब्दही न बोलता.

एका वळणावर ती चुकली. मी ठरल्याप्रमाणे मागेच राहिलो. तिने मासळी विकणाऱ्या बाईंना आमच्या गल्लीची वाट विचारली.

"कोणाची गो तू? आणि हा मागून कोण येतोय?"

"बाबा आहेत. त्यांनी बोलायचं नाही, असं ठरलंय."

"बरं केलंस," म्हणत बाईंनी हातातल्या सुरीनेच वाट दाखवली.

दारात पोचल्यावर मुलगी म्हणाली, "सोमवारी तुम्ही येऊ नका."

"बरं," म्हणत मी रिक्षावाल्याला फोन लावला, सोमवारी शाळा सुटताना येऊ नको म्हणून.