काही लोक म्हणतात

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. घरी नाही, मित्रांत नाही, देवासमोर हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. आणि मी म्हणजे कोण — तर पोटात काही न राहणारा माणूस. लोणावळ्यात कुणालाही विचारा. शाळेत हेडमास्तरांची नाकातली बोली मी काढायचो, बाजारातल्या वाण्याचं गिऱ्हाईक बघून बदलणारं हसू काढायचो, आमच्या चुलत्याची शिंक काढायचो. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी आलो की माणसं सरकून जागा देतात. असा माणूस काही लपवून बसला असेल, असं कुणाला वाटणार? बडबड्याला हा एक फायदाच असतो.

सांगतो. पण सरळ सांगता येईल का, माहीत नाही. हसवायची सवय जिभेला आहे, ती मधेच तोंड घालेल.

आधी नोकरीचं सांगतो, कारण तिथूनच सगळं आलं. मॅट्रिक झाल्यावर वर्षभर उंडारलो आणि मग तुंगार्लीच्या एका बंगल्यात लागलो. तिथं एक निवृत्त प्राध्यापक मराठीत ज्ञानकोश करत होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मला घेतलं ते अक्षरासाठी. बाहेरून विद्वानांच्या नोंदी यायच्या — अंजिरापासून सुरुवात, कारण कोशाचा क्रम अकारविल्हे — त्या मी स्वच्छ लिहून काढायचो. पुढं पुढं सरांनी मला नोंदी 'धुवायला' दिल्या. धुवायला हा त्यांचाच शब्द. नोंदीत लिहिणाऱ्याचा राग-लोभ शिरलेला असतो, तो काढून टाकायचा. कोशाला मत नसतं, असं सर म्हणायचे.

मला ते लय आवडलं. का आवडलं? कारण ती नक्कलच होती की. कुणाचाच नसलेला आवाज काढायचा. 'असे मानले जाते.' 'याविषयी मतभेद आहेत.' 'काही लोक म्हणतात.' आठवड्याभरात मी तो आवाज असा पकडला की सर म्हणाले, तुझं वाक्य आणि माझं वाक्य मला वेगळं करता येत नाही. मी हवेत.

मग एल.एस.डी. नावाच्या नशेच्या द्रव्याची नोंद आली.

तेव्हा हिप्पी लोक आपल्याकडं यायला लागले होते. कार्ल्याच्या लेण्यांकडं जाताना दिसायचे — अनवाणी, गळ्यात रुद्राक्ष, आणि आपल्या पोरींपेक्षा जास्त तेच लाजायचे. ही नोंद लिहिली होती पुण्याच्या एका डॉक्टरांनी. पहिल्याच ओळीत 'राक्षसी द्रव्य'. पुढं 'तरुण पिढीचा सर्वनाश', 'पाश्चात्त्यांची घाण'. सरांनी कपाळाला हात लावला आणि कागद माझ्याकडं सरकवला. धू म्हणाले.

मी धुतला. राक्षस गेला, घाण गेली. पण एका शब्दावर आमचं घोडं अडलं. अशा औषधांना मराठीत म्हणायचं काय? डॉक्टरांनी लिहिलं होतं 'भ्रमकारी'. सर म्हणाले, भ्रम म्हटलं की निकालच लागला, म्हणजे त्या माणसाला दिसलं ते खोटं. मी म्हणालो, मग 'चित्तविस्तारक' करू. सर म्हणाले, ही तर जाहिरात झाली. दोन दिवस आम्ही त्या एका शब्दाभोवती फिरलो आणि शेवटी 'मनःपरिणामकारी' केला. कुणाला काहीच न कळणारा. सर खूश.

पण दोन बाजू दाखवायच्या तर घेतलेल्या माणसाला काय वाटतं, तेही यायला पाहिजे ना? डॉक्टरांनी असा माणूस पाहिलेला नव्हता. सरांनीही नाही. आणि मी, कुणी न विचारता, छाती काढून म्हणालो — माझ्या माहितीत एक आहे.

तो यशवंत. यशा. माझ्याच बाकावर बसायचा शाळेत. त्याचे वडील रेल्वेत गँगमन, घर कार्ल्याच्या बाजूला बौद्धवाडीत. शाळा संपल्यावर तो लेणी दाखवायचं काम करायला लागला होता. फार छान दाखवायचा. मोडकंतोडकं इंग्रजी, पण खांबावर हात ठेवून असा बोलायचा की बघणारा गप्प व्हायचा. आमचं हे घर आहे, असं त्याला त्या लेण्यांबद्दल वाटायचं, आणि ते त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं. एका गोऱ्यानं त्याला काहीतरी दिलं होतं, एवढं अर्धवट तो माझ्यापाशी बोलला होता. मी सायकल काढली आणि गेलो.

लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून त्यानं सगळं सांगितलं. डोकं दुखतंय म्हणाला होता तो त्या गोऱ्याला, तर त्यानं कागदाचा एवढासा तुकडा जिभेवर ठेवायला दिला. यशाला वाटलं, औषध. मग तासाभरानं ते मोठं लेणं श्वास घ्यायला लागलं. खांब गरम लागला — आणि यशाची आई तो लहान असतानाच गेलेली — तर तिच्या पाठुंगळी बसल्यावर जशी पाठ लागायची, तसा तो दगड लागला. यशानं खांबाला मिठी मारली आणि रडत म्हणत राहिला, आये, उतरवू नगं मला. आये, एवढ्यात उतरवू नगं.

"कुनी बघितलं न्हाई, बरं झालं," तो म्हणाला. "पुन्यांदा त्या वाटंला जायाचा न्हाई बाबा. तुला म्हनून बोललो. कुनाला सांगू नगंस."

मी म्हणालो, येडा आहेस का, मी कशाला सांगतोय.

आता सांगतो काय झालं ते. नोंदीत मी एक वाक्य घातलं, नाव न घेता. सरांनी ते खोडलं. एकाचा अनुभव म्हणजे माहिती नव्हे, म्हणाले. म्हणजे ज्याच्यासाठी मी यशाकडून ते काढून आणलं, तिथं त्याला जागाच नव्हती. मग सरांनी सहज विचारलं, पण तो म्हणाला तरी काय?

सांगता आलं असतं दोन वाक्यांत. नाही का? पण मी उठलो, व्हरांड्यातल्या खांबापाशी गेलो, त्याला मिठी मारली, आणि यशाच्या आवाजात — यशाचा आवाज मला लहानपणापासून येतो, तोंडातल्या तोंडात, शेवटाला थोडा ओढलेला — म्हणालो, आये, उतरवू नगं मला.

बंगल्यातली सगळी माणसं हसून हसून बेजार. सरांनीसुद्धा चष्मा काढून डोळे पुसले.

तिथं थांबलो असतो तरी... नाही, तेही चुकीचंच होतं. पण थांबलो नाही. संध्याकाळी टपरीवर केलं. तिथं खांब नव्हता तर टपरीवाल्याला खांब केला. लोक म्हणाले, परत कर. दुसऱ्या दिवशी न बघितलेले आले, त्यांच्यासाठी परत. यशाचं नाव मी घेतलं नव्हतं, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण नक्कल चांगली असली तर नाव घ्यावं लागतं का? आवाज ऐकून पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला, हा तर कार्ल्याचा यशा. मी नुसता डोळा मारला.

महिन्याभरात त्याचं नाव पडलं 'खांब्या'. लेण्यांच्या वाटेवर पोरं ओरडायची — ए खांब्या, आय कुटं गेली? आणि एकदा घेतलेलं रोज झालं. न कळता घेतलेलं, चटक लागून झालं. त्यात भर मी घातली नाही. ती आपोआप पडते.

यशाला वाटलं, लेण्यांजवळच्या देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी त्याला त्या दिवशी बघितलं. माझ्यापाशीच आला विचारायला. "कुनी बघितलं असंल रं?" मी म्हणालो, बघितलं असंल कुणीतरी. माझ्यावर त्याचा संशयच गेला नाही. कुणाला सांगू नगंस असं त्यानं ज्या एका माणसाला सांगितलं होतं, त्या माणसाला तो विचारत होता, कुणी सांगितलं म्हणून.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. इथवर मी चेष्टेखोर होतो, जीभ सैल होती. एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोललो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात यशाला कामशेतची एक मुलगी सांगून आली. शिवणकाम शिकलेली. बघायचा कार्यक्रम झाला, दोघांचं पसंत झालं. यशा मला सांगायला आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. म्हणाला, तिनं मला इचारलं, लेण्यात थंडी वाजती का? असं कुनी मला कधी इचारलं न्हाई.

आता आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. पसंती झाली की मुलीकडची माणसं चौकशी करतात. भावकीत विचारून उपयोग नसतो — भावकीतला एकतर चढवून सांगणार, नाहीतर जुनी दुष्मनी काढणार. म्हणून बाहेरचा माणूस गाठतात. मुलीचा मामा कामशेतला भाताच्या गिरणीत कामाला होता. एका रविवारी तो माझ्याकडं आला. टोपी काढून मांडीवर ठेवली, मला चहा पाजला.

"तुमी त्यांच्यातलं न्हाई, आमच्यातलंबी न्हाई," तो म्हणाला. "शिकलेलं हाईत, कोशात काम करता. तुमी बाजू घेणार न्हाई. म्हनून तुमास्नी इचारतो. पोरगा काय नशापानी करतो का? कानावर आलंय, ते खरं हाय का? एवढं सांगा. पोरीला बाप न्हाई, म्हनून मी फिरतोय."

मला काय माहीत होतं? सगळं माहीत होतं. यशा बिडी ओढत नाही. सुपारीसुद्धा खात नाही. ते एकदा घडलं, नकळत घडलं, आणि त्यात त्याला दिसली ती त्याची आई. 'मामा, पोरगा सोन्यासारखा आहे, द्या मुलगी' — एवढं वाक्य पुरलं असतं. माझ्या शब्दावर तो माणूस तारीख धरायला गेला असता.

पण तसं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता. मग हे उठवलं कुणी? तो प्रश्न मला टोपीच्या मागं उभा दिसत होता. आणि मला तो नको होता.

मग मी तो आवाज काढला. बंगल्यातला. कुणाचाच नसलेला.

म्हणालो, "काही लोक तसं म्हणतात. काही लोक नाही म्हणतात. मी स्वतः काही पाहिलेलं नाही."

बघा, यातला एक शब्द खोटा नाही. लोक म्हणत होते. काही नाही म्हणत होते. मी पाहिलेलंही नव्हतं. ते वाक्य सरांपुढं ठेवलं असतं तर त्यांनी त्यात एक काना बदलला नसता.

मामानं टोपी घातली. "कळलं," म्हणाला. "वाईट बोलायचं तुमच्या जिवावर आलं. कळलं मला."

काही लोक म्हणतात. कोण लोक? रात्रंदिवस नोंदींतल्या विधानांपुढं 'कोण? कुठे?' असं पेन्सिलीनं लिहिणारा मी. मला ठाऊक नव्हतं? लोक नव्हतेच. एक माणूस म्हणाला होता, एकदा व्हरांड्यात आणि मग टपरीवर, आणि तो माणूस मामासमोर बसून त्याच्याच पैशाचा चहा पीत होता.

सोयरीक मोडली. कारण सांगत नाहीत असल्या वेळी, मुलीची पत्रिका, मुलीची तब्येत, काहीतरी निरोप येतो. तसा आला. ती मुलगी पुढं चाकणकडं कुठंतरी दिली. यशानं लेणी दाखवायचं सोडलं. पोरं ओरडायची म्हणून सोडलं असं तो म्हणाला, पण पोरं आधीही ओरडत होतीच. खोपोलीला एका कारखान्यात लागला. अजून लग्न केलेलं नाही.

मी त्या दिवशी वीस-बावीसचा होतो, घाबरलो होतो, असं मला म्हणता येईल. म्हणत नाही. घाबरलेला माणूस अडखळतो. मी अडखळलो नव्हतो. वाक्य चांगलं जमलं म्हणून क्षणभर मला बरं वाटलं होतं.

गेल्या दिवाळीत यशा भेटला. लोणावळ्याला उतरून बहिणीच्या घरी चालला होता, हातात तिच्या पोरांसाठी फटाक्यांची पिशवी. थोडा जाड झालाय. बरोबर चालायला लागलो. बाजाराशी आल्यावर आपणहून म्हणाला, अगदी सहज, मागचं काहीतरी आठवावं तसं:

"त्या कामशेतच्या मामानं तुला इचारलं व्हतं म्हनं. मला लय उशिरा कळलं. तू चांगलंच सांगितलं असशील. घान दुसऱ्याच कुनीतरी केली."

ते वाक्य त्यानं प्रश्न म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "व्हय."

त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, तोंड कशाला पाडलंयस, झालं ते झालं, हसव की काहीतरी.

मी हसवलं त्याला. घर येईस्तोवर.