तिसरा बाप मरता मरेना

मोनालीचे दोन बाप मेले होते. एक कड्यावरून पडला, दुसऱ्याच्या छातीत गोळी शिरली. तिसरा मरायला अडून बसला होता. आणि खरा बाप, देवराव, भिलाईच्या स्मृति नगरातल्या घरी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घोरत होता.

मोनाली व्हिडिओ गेममधल्या नायिकांना हिंदी आवाज द्यायची. जुना गेम नव्याने काढायचा झाला की गेमवाले शिळ्या कढीला ऊत आणत. धाडसी मुलगी, थोर बाप, बापाचा खून, मग मुलीने शंभर माणसं कापायची. बाप मेल्याशिवाय पोरगी घराबाहेर पडतच नाही, हे या शहाण्यांना कोणी सांगितलं कोण जाणे!

मार खाण्याचे आवाज मात्र मोनालीसारखे कोणाला जमत नसत. पोटात लाथ, पाठीवर पट्टा, भिंतीवर डोकं. प्रत्येकाचं कण्हणं निराळं. "कुठे शिकलीस गं?" मुंबईहून काम देणाऱ्या नूतन मॅडम विचारायच्या. ती हसून टाळायची. शिकली होती स्वयंपाकघराच्या दाराआड. देवराव ड्यूटीवरून आला आणि भाजीत मीठ कमी निघालं की कमरेचा पट्टा निघायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आई, तुळसाबाई, तोंडात पदर कोंबायची. एकदा पदरासोबत तिचा दात बाहेर आला. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

नवं काम मोठं होतं. मुख्य नायिका, म्हणजे पुढचे सगळे भाग मोनालीचेच. अडलं होतं एका किंकाळीवर. हा तिसरा बाप मरतो आणि मुलगी ओरडते, "पापा!" मोनालीने सतरा वेळा ओरडून पाठवलं. आज मॅडमनी शेवटचं कळवलं, "यात माया नाही. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर दुसरीला घेते."

माया काय बाजारात मिळते? मोनाली चिडली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावलेल्या घरातल्याच खोलीत शिरली, दार ओढून घेतलं. आधी मारामारी उरकू म्हणून ओढणीचं टोक तोंडात कोंबून कण्हायला लागली. एक पट्टा. दुसरा पट्टा. लाथ. तिसऱ्या पट्ट्याला गळ्यातून आईच निघाली, "अहो, पुरे, मरीन मी!"

दार धाडकन उघडलं. दारात देवराव, हातात काठी, झोपेतून उठलेले डोळे लाल.

"तुळसे! कोन मारून रायला तुले? बाहेर निंघ, डोस्कं फोडतो साल्याचं!"

"कोनी नाही, बाबा," मोनाली म्हणाली. "तुमीच हाये."

 देवराव काठी खाली ठेवून उंबऱ्यावर बसला.  अशी काठी घेऊन धावणारा बाप मोनालीला सातव्या वर्षी हवा होता, नवव्या वर्षी हवा होता, आई मोरीत रक्त धूत होती तेव्हा हवा होता. तो कधी आलाच नाही. ती माइककडे वळली आणि ओरडली, "पापा!" मग बराच वेळ हमसून रडली.

ते तसंच पाठवल्यावर मॅडमचं उत्तर लगेच आलं, "हेच हवं होतं. काम तुझं."

देवराव उंबऱ्यावरून उठला नव्हता. खाली बघत त्याने विचारलं, "मी मेल्यावर अशीच रडशील का वं, पोरी?"

मोनालीने ओढणीने तोंड पुसलं.

"रडून झालं, बाबा."