बरणीतले शंख

विमलाबाई पगारेंनी नाशिकरोडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. काचेची भांडी धुवायची, द्रावणं बनवायची, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी घरात त्यांचा जीव रमेना. प्राणिशास्त्र विभागातून पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जेलरोडला रिक्षात बसल्यासुद्धा.

काम पल्लवी देवरेचं होतं. सटाण्याकडची पोरगी, पीएच.डी. करणारी. समुद्रापासून इतक्या लांब, नाशकात बसून ती समुद्राचा अभ्यास करायची. विमलाबाईंना पहिली शंका आली ती इथेच.

मागच्या खोलीत आठ काचेच्या टाक्या होत्या. त्यांत खारं पाणी, तळाला वाळू आणि वाळूत रत्नागिरीकडच्या एका खाडीतून आणलेलं समुद्री गवत. गवताच्या पात्यांवर मोहरीपेक्षा बारीक शंखांच्या गोगलगाई चिकटलेल्या. चार टाक्यांत साधी हवा सोडलेली, उरलेल्या चारांत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे.

"धुरातला हा वायू समुद्र पिऊन घेतो, मावशी," पल्लवीनं समजावलं. "त्यानं पाणी हळूहळू आंबट होत चाललंय. शंख चुन्याचे असतात, त्यांना अशा पाण्यात कवच बांधणं जड जातं."

"आणि गवताला?"

"गवताला उलट फावतं. त्याचं अन्नच ते. दिवसा उजेडात ते हा वायू ओढून घेतं, तेवढ्यापुरता पाण्याचा आंबटपणा उतरतो. म्हणून मला बघायचंय, गवत आपल्या आसऱ्याच्या जिवांना कितपत वाचवतं."

काम ठरून गेलं. दर पंधरा दिवसांनी विमलाबाई प्रत्येक टाकीतली दहा पाती कापून बरणीत घालायच्या. पल्लवी त्या वेळी मीटरवरचे आकडे लिहून घेत असे. मग ती बरण्यांत फॉर्मॅलिन ओतायची आणि तीन आठवड्यांनी एकेक बरणी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन मोजणी करायची.

पहिल्या मोजणीनंतर ती हरखून गेली. साध्या पाण्यातल्या पात्यांवर शंखच शंख होते, आंबट पाण्यातल्या पात्यांवर नुसती मऊ अंगं. कवच एकाही जिवाला नव्हतं.

विमलाबाईंनी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पाहिलं. ती पाती त्यांनीच कापली होती. कापताना त्यांवर पांढरे ठिपके होते, बोटाला खरखरत होते. पाण्यात असताना होते ते शंख बरणीत गेल्यावर गेले कुठे?

त्या दिवसापासून त्यांची नजर पल्लवीच्या हातांवर राहू लागली. पल्लवी बरण्यांचं कपाट उघडून पुन्हा कुलूप लावते. का लावते? मोजताना दार लोटून घेते. कशाला? डिसेंबरात कोचीला परिषद होती, तिथे तिला निबंध वाचायचा होता. हवा तसा आकडा हवा त्या वेळी मिळाला, हे विमलाबाईंना पटेना. त्यांनी मुलाला, अश्विनला सांगितलं.

"आई, तू पाती काप आणि घरी ये," अश्विन म्हणाला. "तुला काय करायचंय?"

पण दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा विमलाबाईंनी आंबट टाकीतली चार पाती गुपचूप बाजूला काढली, आपल्या जुन्या फळीवरच्या स्पिरिटच्या बाटलीत घातली आणि बाटली रिकाम्या खोक्यामागे सरकवली. त्याच आठवड्यात पल्लवी जेवायला कँटीनला गेली असताना त्यांनी तिची पिशवी उघडली. आत वही, बिस्किटाचा पुडा, छत्री आणि खाली रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली. बुचाला नाक लावलं आणि वास ओळखला. हायड्रोक्लोरिक ॲसिड. चुन्यावर थेंब टाकला की फसफसून विरघळतो. बाटली पुन्हा रुमालात गुंडाळून त्यांनी पिशवी होती तशी बंद केली.

तीन आठवडे त्यांनी कळ काढली. मग स्पिरिटच्या बाटलीतलं एक पातं काढून भिंगाखाली धरलं. शंख जागच्या जागी होते, शाबूत.

सोमवारी सकाळी त्यांनी ती बाटली पल्लवीच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, एक विचारते. बरण्यांत तुम्ही ॲसिड टाकता का?"

पल्लवीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला असं वाटलं?"

"तुमच्या पिशवीत बाटली आहे."

"टाक्यांच्या नळ्यांवर चुन्याचा थर धरतो, तो धुवायला घेते मी. कपाटात ठेवली तर पोरं हात लावतात." ती थांबली. "तुम्ही माझी पिशवी उघडलीत?"

विमलाबाईंनी होकारार्थी मान हलवली. पल्लवीनं रागानं बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. पांढरे ठिपके तिलाही दिसले. राग तिच्या चेहऱ्यावर तसाच राहिला, पण आवाज बदलला.

"ही पाती कुठल्या टाकीतली?"

"सहा नंबरच्या. आंबट पाण्यातली. हे स्पिरिट आहे, तुमचं फॉर्मॅलिन नाही."

पल्लवी उठून फॉर्मॅलिनच्या कॅनपाशी गेली. कॅन दोन होते. सरमिसळ नको म्हणून साध्या टाक्यांच्या बरण्यांना ती पहिल्या कॅनमधलं घालायची आणि आंबट टाक्यांच्या बरण्यांना दुसऱ्यातलं. तिनं लिटमसचे कागद काढले. पहिल्या कॅनमध्ये निळा कागद निळाच राहिला. दुसऱ्यात लाल झाला.

विमलाबाईंनी पहिला कॅन फिरवून चिठ्ठी पाहिली. अक्षर त्यांचंच होतं, निवृत्तीच्या महिन्यातलं. "यात आंबटपणा मारणारा टाकणखार आहे," त्या हळूच म्हणाल्या. "फॉर्मॅलिन मुळात आंबट असतं. शंखाच्या बरणीत टाकणखार घातल्याशिवाय ते ओतायचं नाही, हे मला जुन्या सरांनी शिकवलं होतं. मी गेल्यावर भरलेल्या त्या दुसऱ्या कॅनमध्ये कुणी घातलाच नाही वाटतं."

जे शंख टाकीतल्या आंबट पाण्यानं खाल्ले असं पल्लवी समजत होती, ते बरणीतच विरघळले होते. दोन खेपांची मोजणी फुकट गेली. तिनं त्याच दुपारी मार्गदर्शकांना सांगितलं आणि कोचीचा निबंध मागे घेतला. विमलाबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या होत्या. ती बाहेर आली तशा त्या उभ्या राहिल्या.

"एक सांगायचं राहिलं, मॅडम. माझ्या नोकरीच्या आठव्या वर्षी प्लॅटिनमची मूस, ती तापवायची महागडी वाटी, हरवली होती. सगळ्यांमध्ये माझी एकटीची पिशवी तपासली, सलग तीन दिवस. का, ते माझ्या आडनावावरून तुम्हाला कळेलच. मूस पुढे खणामागे सापडली, कुणी चकार शब्द काढला नाही. ते सगळं माहीत असून मी तुमच्या पिशवीत हात घातला. माझं चुकलं."

"वाईट वाटलं मला," पल्लवी म्हणाली. "आणि तुम्ही शंका घेतली नसती तर मी परिषदेत खोटं वाचून आले असते. दोन्ही खरं आहे."

जानेवारीत काम नव्यानं सुरू झालं. या वेळी युक्ती पल्लवीनंच काढली. बरण्यांवर टाकीचा नंबर लिहायचा नाही, फक्त खुणेची अक्षरं. कुठलं अक्षर कुठल्या टाकीचं, ती यादी विमलाबाईंकडे, त्यांच्या घरच्या कपाटात. मोजणाऱ्याला काहीच कळता कामा नये. टाकणखार दोघींनी मिळून तोलला.

यादी उघडली ती जूनमध्ये. आंबट टाक्यांतलं गवत जास्त वाढलं होतं, पाती हिरवीगार होती. पात्यांवर बारीक शेवाळामुळे धरणारा चुन्याचा थर मात्र विरळ, आणि शंख साध्या टाक्यांपेक्षा साधारण चौथ्या हिश्शानं कमी. जे होते त्यांची कवचं पातळ होती, चिमट्यात धरली की काही फुटायची. उजेडात गवत पाणी सावरून घ्यायचं, दिवे बंद झाले की पाणी पुन्हा आंबट. गवतानं आसरा दिला होता, पण पुरता नाही.

"पहिल्यापेक्षा फरक कितीतरी कमी आला," पल्लवी म्हणाली. "पण हा खरा आहे."

"आठव्या टाकीत शंख जरा जास्तच दिसतात," विमलाबाई म्हणाल्या. "तिथे वायू नीट पोचत होता ना?"

पल्लवीनं वही मिटली आणि दोघी सिलिंडरची नळी तपासायला मागच्या खोलीत गेल्या.